स्वयंपूर्ण ॲप पॅकेज

स्वयंपूर्ण ॲप पॅकेज म्हणजे एखादा संगणकीय प्रोग्राम आणि तो चालण्यासाठी लागणाऱ्या लायब्ररी, चित्रे, भाषांतरे इत्यादी घटक एकत्र बांधून वितरित करण्याची पद्धत होय. लिनक्सवर आधारलेल्या मुक्तस्रोत डेस्कटॉपवर फ्लॅटपॅक, स्नॅप आणि ॲपइमेज ही या पद्धतीची तीन प्रमुख स्वरूपे आहेत. अशा पॅकेजमुळे एकच प्रोग्राम वेगवेगळ्या लिनक्स वितरणांवर फारसा बदल न करता चालतो आणि त्याची नवी आवृत्ती वापरकर्त्यापर्यंत लवकर पोहोचते. मात्र त्यासाठी डिस्कवरील जागा आणि इंटरनेटवरून उतरवावी लागणारी माहिती वाढते, तसेच एखाद्या सामाईक घटकातील दोष प्रत्येक पॅकेजमध्ये स्वतंत्रपणे दुरुस्त करावा लागतो. घटक सांभाळण्याचे काम या पद्धतीत संपत नाही. ते वितरणाच्या स्वयंसेवकांकडून ॲपच्या निर्मात्याकडे आणि काही अंशी वापरकर्त्याकडे जाते. मराठीतून संगणक वापरणाऱ्यांच्या बाबतीत टंकलेखन, फॉन्ट आणि भाषांतरे यांच्यावरही या बदलाचा परिणाम होतो.

पार्श्वभूमी

लिनक्स हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे नाव आहे. या गाभ्याभोवती हजारो प्रोग्राम रचून जी वापरण्याजोगी प्रणाली तयार होते, तिला लिनक्स वितरण असे म्हणतात. १९९३ मध्ये सुरू झालेले डेबियन, २००३ मधील फेडोरा आणि २००४ मधील उबुंटू ही त्यांपैकी परिचित नावे होत. सी-डॅकने विकसित केलेली भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स, म्हणजेच ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवर आधारलेली आहे.

प्रत्येक वितरणाचे स्वतःचे भांडार असते. वितरणाचे कार्यकर्ते मूळ प्रोग्रामचा स्रोत घेतात, तो आपल्या प्रणालीत बसेल असा जुळवतात, तपासतात आणि पॅकेजच्या रूपाने भांडारात ठेवतात. चित्र उघडणे, मजकूर आखणे, संदेश कूटबद्ध करणे अशी अनेक प्रोग्रामना लागणारी कामे लायब्ररी नावाच्या सामाईक घटकांकडे सोपवलेली असतात. पारंपरिक पद्धतीत अशा लायब्ररीची एकच प्रत संगणकावर असते आणि सर्व प्रोग्राम तीच वापरतात. एखाद्या प्रोग्रामला अमुक लायब्ररी हवी, या गरजेला त्याचे अवलंबित्व म्हणतात.

या पद्धतीचा मोठा लाभ सुरक्षेत दिसतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघड झाला. वितरणांनी दुरुस्त केलेली लायब्ररी भांडारात ठेवल्यावर ती उतरवून संबंधित सेवा पुन्हा सुरू केल्या की तिच्यावर अवलंबून असलेले सर्व प्रोग्राम एकदम सुरक्षित होत होते. प्रत्येक प्रोग्रामच्या निर्मात्याची वाट पाहावी लागली नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. दोन प्रोग्रामना एकाच लायब्ररीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या हव्या असतील, तर पेच निर्माण होतो. शिवाय स्थिर वितरणे प्रोग्रामच्या आवृत्त्या गोठवून ठेवतात. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ मध्ये लिबरऑफिसची ७.४ ही आवृत्ती आहे. डेबियन तिच्यातील सुरक्षादोष दुरुस्त करत राहते, परंतु लिबरऑफिसने त्यानंतर दर सहा महिन्यांनी आणलेल्या नव्या सोयी तिच्यात येत नाहीत. निर्मात्याच्या बाजूनेही अडचण असते. एकच प्रोग्राम अनेक वितरणांसाठी आणि त्यांच्या अनेक आवृत्त्यांसाठी वेगवेगळा बांधणे लहान प्रकल्पांना पेलत नाही.

इतिहास

प्रोग्राम आणि त्याचे साहित्य एकाच पुडक्यात ठेवण्याची कल्पना लिनक्सवर उगवलेली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या नेक्स्टस्टेप या प्रणालीत असे पुडके होते आणि तिच्या वारशातून ते ॲपलच्या मॅक संगणकांवर आले. लिनक्सवर सायमन पीटर यांनी २००४ मध्ये ‘क्लिक’ हा प्रकल्प सुरू केला. त्याचे पुढील रूप २०११ मध्ये ‘पोर्टेबललिनक्सॲप्स’ या नावाने आणि २०१३ पासून ‘ॲपइमेज’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

उबुंटूची निर्माती कंपनी कॅनॉनिकल हिने डिसेंबर २०१४ मध्ये स्नॅपी उबुंटू कोअर जाहीर केले. एप्रिल २०१६ मधील उबुंटू १६.०४ पासून स्नॅप पॅकेजे डेस्कटॉपवर वापरता येऊ लागली. त्याच सुमारास रेड हॅटमधील अलेक्झांडर लार्सन यांनी ‘एक्सडीजी-ॲप’ विकसित केले होते. मे २०१६ मध्ये त्याचे नाव ‘फ्लॅटपॅक’ असे झाले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. लार्सन यांनी २००७ मध्येच ‘ग्लिक’ नावाचा याच धर्तीचा प्रयोग केला होता.

पुढे काही प्रणालींनी हीच पद्धत मुख्य मानली. २०१८ पासून विकसित होत असलेल्या फेडोरा सिल्व्हरब्लूमध्ये मूळ प्रणाली केवळ वाचनक्षम असते आणि डेस्कटॉपवरील ॲपे प्रामुख्याने फ्लॅटपॅकच्या रूपाने घेतली जातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आलेल्या स्टीम डेक या हातात धरण्याच्या खेळयंत्राचा डेस्कटॉपही याच तत्त्वावर चालतो.

रचना आणि कार्यपद्धती

या रचनेची कल्पना वारीच्या उदाहरणाने करता येते. दरवर्षी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते. एकटा वारकरी वाटेतील गावांच्या अन्नदानावर विसंबून चालू शकतो. दिंडी मात्र शिधा, चूल, भांडी आणि राहुट्या सोबत घेऊन निघते. पारंपरिक पॅकेज हे एकट्या वारकऱ्यासारखे असते, त्याला लागणारे साहित्य यजमान प्रणालीने पुरवायचे असते. स्वयंपूर्ण पॅकेज दिंडीसारखे असते. मुक्कामाच्या गावी काय मिळेल, यावर त्याची भिस्त नसते. परंतु शिधा वाहून नेणे आणि तो निवडून-पाखडून ठेवणे ही जबाबदारी त्याचीच असते.

प्रत्यक्षात तिन्ही स्वरूपांपैकी कोणतेही पूर्णपणे स्वयंपूर्ण नसते. कर्नल यजमान संगणकाचाच वापरला जातो. फ्लॅटपॅकमध्ये सामाईक लायब्ररींचा मोठा भाग ‘रनटाइम’ नावाच्या वेगळ्या संचात असतो आणि अनेक ॲपे तो वाटून घेतात. फ्रीडेस्कटॉप, ग्नोम आणि केडीई हे प्रमुख रनटाइम होत. स्नॅपमध्ये ‘कोअर’ नावाचे आधारसंच हेच काम करतात. ॲपइमेजमध्ये असा सामाईक संच नसतो. बहुतेक साहित्य ॲपच्या फाइलमध्येच असते आणि काही अगदी मूलभूत लायब्ररी यजमान प्रणालीवर असतील, असे गृहीत धरलेले असते.

दुसरा महत्त्वाचा भाग सँडबॉक्सचा, म्हणजे ॲपभोवतीच्या कुंपणाचा. फ्लॅटपॅक कर्नलमधील नेमस्पेस ही सोय ‘बबलरॅप’ या साधनाद्वारे वापरते. त्यामुळे ॲपला संगणकावरील केवळ परवानगी दिलेल्या फाइली आणि उपकरणे दिसतात. स्नॅप मुख्यत्वे ‘ॲपआर्मर’ या सुरक्षायंत्रणेवर अवलंबून असते. ॲपला कुंपणाबाहेरची एखादी फाइल हवी असल्यास ‘पोर्टल’ नावाची मध्यस्थ सेवा फाइल निवडण्याची चौकट उघडते आणि वापरकर्त्याने निवडलेली फाइल तेवढी ॲपच्या हाती देते. ॲपइमेजला स्वतःचे कुंपण नसते.

प्रमुख स्वरूपे

फ्लॅटपॅक: हे डेस्कटॉपवरील ॲपांसाठी बनवलेले स्वरूप आहे. कोणतीही संस्था स्वतःचे फ्लॅटपॅक भांडार चालवू शकते. मात्र बहुतेक वापरकर्ते ‘फ्लॅटहब’ या भांडारातून पॅकेजे घेतात. फाइलींचा साठा ‘ओएस-ट्री’ या पद्धतीने होतो. दोन ॲपांत किंवा दोन आवृत्त्यांत तंतोतंत सारखी असलेली फाइल डिस्कवर एकदाच ठेवली जाते आणि अपडेटच्या वेळी बदललेला भागच प्रामुख्याने उतरवला जातो.

स्नॅप: हे स्वरूप डेस्कटॉपबरोबरच सर्व्हर आणि लहान उपकरणांसाठीही वापरले जाते. प्रत्येक स्नॅप ही संकोचित फाइलव्यवस्था असते आणि ती न उलगडता जोडली जाते. ‘स्नॅपडी’ ही पार्श्वसेवा दिवसातून चार वेळा अपडेट शोधते आणि ते आपोआप बसवते. सुरुवातीला हे अपडेट कायमचे थांबवता येत नसत. २०२२ च्या अखेरीपासून तशी सोय झाली. स्नॅपची संगणकावरील बाजू मुक्तस्रोत आहे. परंतु स्नॅप स्टोअर हे मध्यवर्ती भांडार कॅनॉनिकल चालवते आणि त्याची सर्व्हरवरील आज्ञावली खुली नाही.

ॲपइमेज: येथे एक ॲप म्हणजे एक फाइल असते. ती उतरवायची, तिला चालवण्याची परवानगी द्यायची आणि उघडायची. प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही, काही ‘बसवावे’ लागत नाही. ॲप काढायचे तर फाइल पुसली की पुरते. अपडेटची सोय निर्मात्याने ठेवली असेल तरच असते. जुन्या धाटणीच्या ॲपइमेज फाइलींना ‘फ्यूज’ या यंत्रणेची दुसरी आवृत्ती लागते. उबुंटू २२.०४ पासून ती मुळातून बसवलेली नसल्याने अशा फाइली तेथे काही पूरक पॅकेज बसवल्याशिवाय उघडत नाहीत.

फायदे

नवी आवृत्ती लवकर मिळणे हा सर्वांत दृश्य फायदा आहे. मूळ प्रणाली जुनी आणि स्थिर ठेवून तिच्यावर एखादे ॲप तेवढे नवे वापरता येते. कार्यालयातील किंवा शाळेतील संगणक वर्षानुवर्षे एकाच वितरणावर चालत असतील, तर ही सोय मोलाची ठरते.

याच्या उलट, जुनी आवृत्ती मुद्दाम राखून ठेवणेही शक्य होते. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्यूटोरियल हा प्रकल्प लिबरऑफिस, लिनक्स इत्यादींचे दृकश्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध करून देतो. पाठात दाखवलेली आवृत्ती आणि समोरच्या संगणकावरील आवृत्ती वेगळी असेल, तर मेनूतील जागा बदललेल्या दिसतात आणि नवशिका विद्यार्थी अडखळतो. ठरावीक आवृत्तीची ॲपइमेज ठेवून वर्गापुरता हा मेळ घालता येतो.

तिसरा फायदा मूळ प्रणालीच्या स्थैर्याचा. ॲप आणि प्रणाली यांची लायब्ररी वेगळी असल्याने एखादे ॲप बिघडले, तरी प्रणाली सहसा बिघडत नाही. नवी आवृत्ती सदोष निघाल्यास मागील आवृत्तीकडे परतणेही तुलनेने सोपे असते. स्नॅप तर मागील आवृत्ती संगणकावरच राखून ठेवते.

चौथा फायदा कुंपणाचा. परवानग्या नेमकेपणाने दिलेल्या असतील, तर सदोष किंवा दुष्ट ॲपला वापरकर्त्याच्या सर्व कागदपत्रांपर्यंत पोहोचता येत नाही. पारंपरिक पॅकेजमधील प्रोग्राम मात्र सामान्यतः वापरकर्त्याच्या अधिकारातील सर्व फाइली वाचू शकतो.

पाचवा फायदा निर्मात्यांचा आहे. एकच पॅकेज सर्व वितरणांसाठी पुरते, कोणत्या लायब्ररीवर चाचणी घेतली हे निश्चित असते आणि आलेल्या तक्रारीचे मूळ शोधणे सोपे जाते.

तोटे

जागा आणि जोडणी. पहिल्या फ्लॅटपॅक ॲपबरोबर त्याचा रनटाइमही उतरवावा लागतो आणि तो काहीशे मेगाबाइटचा असतो. पुढील ॲपांनी तोच रनटाइम वापरला, तर हा भार वाटला जातो. परंतु एक ॲप ग्नोमचा रनटाइम, दुसरे केडीईचा आणि तिसरे त्याचीच जुनी आवृत्ती मागत असेल, तर भार वाढत जातो. एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डे असलेल्या संगणकावर यजमानाच्या ड्रायव्हरशी जुळणारा वेगळा संचही उतरवावा लागतो.

सामाईक दोषांची विखुरलेली दुरुस्ती. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘लिबवेबपी’ या चित्र उघडणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष आढळला. वितरणांनी आपली सामाईक प्रत लगेच दुरुस्त केली. परंतु ब्राउझर आणि ब्राउझरच्या आधारे बांधलेली असंख्य डेस्कटॉप ॲपे या लायब्ररीची स्वतःची प्रत बाळगून होती. ज्याच्या-त्याच्या निर्मात्याने नवी आवृत्ती काढेपर्यंत ती असुरक्षित राहिली. वारीच्या दृष्टान्तात सांगायचे, तर धान्यात कीड निघाल्यावर गावचे कोठार एकदाच तपासून भागत नाही, प्रत्येक दिंडीचे पोते उघडून पाहावे लागते. रनटाइम आणि आधारसंचांमुळे हा तोटा कमी होतो, कारण त्यांतील लायब्ररी एका जागी दुरुस्त होते. ॲपने स्वतः सोबत आणलेल्या लायब्ररीला मात्र त्याचा उपयोग होत नाही.

कालबाह्य रनटाइम. फ्रीडेस्कटॉप रनटाइमची नवी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि ती सुमारे दोन वर्षे सांभाळली जाते. ग्नोमच्या रनटाइमची मुदत याहून कमी असते. ॲपच्या निर्मात्याने वेळेवर नव्या रनटाइमकडे स्थलांतर केले नाही, तर ॲप चालत राहते, पण त्याखालचा पाया दुरुस्त होणे थांबते.

कुंपणाविषयी गैरसमज. सर्व स्वयंपूर्ण पॅकेजे बंदिस्त असतात, असा समज चुकीचा आहे. ॲपइमेजला कुंपण नसते, काही स्नॅप पॅकेजांना ‘क्लासिक’ प्रकारची मोकळीक दिलेली असते आणि अनेक फ्लॅटपॅक ॲपे वापरकर्त्याच्या संपूर्ण गृहफोल्डरची परवानगी मागतात. शिवाय जुन्या एक्स११ या पडदाव्यवस्थेत एका ॲपला दुसऱ्या ॲपमधील टंकन वाचता येऊ शकते.

भांडारावरील विश्वास. मे २०१८ मध्ये स्नॅप स्टोअरमधील ‘२०४८बुंटू’ या खेळात आभासी चलन खणणारी लपवलेली आज्ञावली सापडली आणि ते पॅकेज काढून टाकण्यात आले. पुढे बनावट चलनपाकिटांच्या घटना घडल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या स्नॅप नावांची माणसांकडून तपासणी सुरू झाली. फ्लॅटहबने २०२३ पासून मूळ निर्मात्याने प्रमाणित केलेल्या ॲपांना वेगळी खूण देण्यास आरंभ केला. पारंपरिक मार्गही पूर्णपणे निर्धोक नाही: मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संकोचन साधनात पेरलेली चोरवाट काही वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोहोचली होती.

प्रणालीशी तुटलेला संवाद. कुंपणामुळे काही उपयुक्त जोडण्याही तुटतात. बंदिस्त ब्राउझर आणि पासवर्ड सांभाळणारा वेगळा प्रोग्राम यांचा परस्परसंपर्क होत नाही, असा अनुभव सामान्य आहे. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनसाठी ब्राउझरला यजमानावरील पूरक लायब्ररी लागते, तीही अनेकदा कुंपणाआतून दिसत नाही. कर किंवा निविदा भरणाऱ्या कार्यालयात ब्राउझरचा प्रकार निवडताना ही गोष्ट आधी तपासावी लागते.

मराठीच्या वापरावर परिणाम

मराठीतून संगणक वापरण्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात: टंकलेखन, फॉन्ट, अक्षरजुळणी आणि भाषांतर. मुक्तस्रोत डेस्कटॉपवर हा पाया अनेक वर्षांच्या कामातून तयार झाला. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली आणलेले लोहित फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीचे होते. ‘मुक्त’ फॉन्ट मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवला, तर ‘शोभिका’ मुंबईच्या आयआयटीतून आला. पारंपरिक पद्धतीत हे साहित्य एकदा प्रणालीत बसवले की सर्व प्रोग्रामना मिळते. स्वयंपूर्ण पॅकेजात मात्र या चारही गोष्टी कुंपण ओलांडून आत पोहोचाव्या लागतात.

टंकलेखनाच्या दोन प्रकारांत येथे फरक पडतो. इनस्क्रिप्टसारखी कळफलकाची मांडणी डेस्कटॉपच्या पडदाव्यवस्थेत ठरते. कळीचे अक्षर ठरवण्यासाठी लागणारा मांडणीचा तक्ता ॲपला पडदाव्यवस्थेकडूनच मिळतो. त्यामुळे ती बंदिस्त ॲपातही सहसा विनासायास चालते. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी लिप्यंतर पद्धत मात्र ‘आयबस’ किंवा ‘एफसिटीएक्स’ यांसारख्या स्वतंत्र सेवेतून चालते. ॲपला त्या सेवेशी बोलता यावे लागते. त्यासाठी पोर्टलची सोय झालेली आहे; परंतु ॲप ज्या साधनसंचावर बांधले आहे, त्यात तिला जोडणारा भाग नसेल, तर लिप्यंतर तेवढ्याच ॲपात उमटत नाही. इतर सर्वत्र मराठी उमटते आणि एका ॲपात उमटत नाही, या तक्रारीचे कारण पुष्कळदा हेच असते.

फॉन्टच्या बाबतीत स्थिती बरी आहे. फ्लॅटपॅक यजमानाचे आणि वापरकर्त्याने स्वतः ठेवलेले फॉन्ट वाचण्यापुरते आत दाखवते. फॉन्ट नव्याने बसवल्यास ॲप बंद करून पुन्हा उघडणे आवश्यक ठरते.

अक्षरजुळणीचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा ऱ, जोडाक्षरे आणि वेलांटीची जागा ठरवण्याचे काम ‘हार्फबझ’ ही लायब्ररी फॉन्टच्या साहाय्याने करते. तिच्यात सुधारणा झाली की पारंपरिक पद्धतीत ती लायब्ररी वापरणाऱ्या सर्व प्रोग्रामना लाभ होतो. ब्राउझरच्या आधारे बांधलेली ॲपे मात्र तिची स्वतःची प्रत सोबत आणतात. त्यामुळे एकाच संगणकावर एकच शब्द दोन ॲपांत वेगळा दिसू शकतो. ल आणि श यांची मराठी वळणे काही फॉन्ट मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळल्यावरच दाखवतात. ॲपला भाषा कळली नाही, तर तेथे हिंदी वळणाची अक्षरे उमटतात.

भाषांतराची बाब सहज नजरेआड होते. जागा वाचवण्यासाठी फ्लॅटपॅक सर्व भाषांची भाषांतरे उतरवत नाही; संगणकावर जी भाषा ठरवलेली असेल, तेवढीच घेते. आपल्याकडे पुष्कळ संगणक इंग्रजीत मांडलेले असतात. अशा संगणकावर ॲपचे मराठी भाषांतर अस्तित्वात असूनही ते उतरत नाही आणि ‘या ॲपला मराठी नाही’ असा समज होतो. फ्लॅटपॅकच्या भाषांच्या यादीत मराठीची भर घालून अपडेट चालवल्यास भाषांतर येते. लिबरऑफिसच्या ॲपइमेजचेही भाषांनुसार प्रकार असून सर्व भाषा त्यांपैकी पूर्ण प्रकारात असतात. शुद्धलेखन तपासणीचा मराठी शब्दकोश यजमानावर बसवलेला असला, तरी बंदिस्त ॲपला तो दिसेलच असे नाही. ॲपच्या आतूनच तो जोडणे अधिक खात्रीचे असते.

मर्यादित इंटरनेट असलेल्या ठिकाणी

स्वयंपूर्ण पॅकेजांचा आकार शहरातील वेगवान जोडणीवर फारसा जाणवत नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यासारख्या डोंगराळ आणि अतिपावसाच्या भागातील शाळेसाठी हिशेब वेगळा होतो. दहा संगणकांची एक प्रयोगशाळा आणि सेकंदाला ४ मेगाबिटची जोडणी गृहीत धरू. ॲप आणि त्याचा रनटाइम मिळून १ गिगाबाइट उतरवायचे असल्यास एका संगणकाला सुमारे ३३ मिनिटे लागतील. दहाही संगणकांनी स्वतंत्रपणे तेच उतरवले, तर एकूण साडेपाच तास जातील आणि त्या काळात जोडणी इतर कामास उरणार नाही.

हा भार टाळण्याचे मार्ग तिन्ही स्वरूपांत आहेत. ॲपइमेज पेनड्राइव्हवरून थेट नक्कल करता येते. फ्लॅटपॅकमध्ये एका संगणकावर बसवलेली ॲपे रनटाइमसह पेनड्राइव्हवर घेऊन इतर संगणकांवर इंटरनेटविना बसवण्याची आज्ञा आहे. स्नॅप पॅकेज त्याच्या प्रमाणपत्राच्या फाइलीसह उतरवून दुसरीकडे नेता येते. अर्थात, हे काम जाणणारी एक तरी व्यक्ती शाळेत असावी लागते. पारंपरिक पद्धतीतही वितरणाच्या भांडाराची स्थानिक प्रत ठेवता येते.

जुन्या यंत्रांचा मुद्दाही येथेच येतो. फ्लॅटहबवरील पॅकेजे ६४-बिट संगणकांसाठी असतात आणि बहुसंख्य ॲपइमेजही तशाच असतात. ३२-बिटचे जुने संगणक अजून वापरात असतील, तर त्यांना वितरणाच्या स्वतःच्या पॅकेजांवरच विसंबावे लागते. कमी स्मृती असलेल्या यंत्रावर दोन ॲपांनी एकाच लायब्ररीच्या दोन प्रती उघडल्यास वेगही मंदावतो.

वाद

या पद्धतीवरून मुक्तस्रोत समुदायात तीव्र मतभेद झाले आहेत. जून २०२० मध्ये आलेल्या लिनक्स मिंट २० ने स्नॅपडी आपोआप बसण्यास प्रतिबंध केला. वापरकर्त्याने पारंपरिक पॅकेज मागितले असता त्याच्या नकळत स्नॅप बसू नये, ही त्यामागची भूमिका होती. एप्रिल २०२२ च्या उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स केवळ स्नॅपच्या रूपाने देण्यात आले आणि ते प्रथम उघडण्यास लागणाऱ्या वेळाविषयी तक्रारी झाल्या. नंतरच्या सुधारणांनी हा वेळ कमी झाला. जानेवारी २०२४ मध्ये मोझिलाने फायरफॉक्सचे डेबियन पद्धतीचे पॅकेज स्वतःच्या भांडारातून देण्यास सुरुवात केली. उबुंटूच्या सर्व अधिकृत उपप्रकारांत २३.०४ पासून फ्लॅटपॅक मुळातून न देण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाला, त्यावरही टीका झाली.

फेब्रुवारी २०२५ मधील ओबीएस स्टुडिओचे प्रकरण या विषयाच्या दोन्ही बाजू दाखवते. फेडोराने स्वतः बांधलेले या ॲपचे फ्लॅटपॅक सदोष असून त्याच्या तक्रारी आपल्याकडे येतात, अशी मूळ निर्मात्यांची हरकत होती आणि आपले नाव त्यासाठी वापरू नये, अशी मागणी त्यांनी केली. दुसरीकडे, निर्मात्यांचे फ्लॅटहबवरील पॅकेज मुदत संपलेल्या रनटाइमवर उभे असल्याकडे फेडोराच्या बाजूने लक्ष वेधण्यात आले. नव्या रनटाइममधील दोषांमुळे ॲप बिघडते, हे निर्मात्यांचे त्यावरील उत्तर होते. अखेर चर्चेतून वाद मिटला. परंतु ॲप नीट चालणे आणि त्याखालचा पाया सुरक्षित असणे यांपैकी कशाला अग्रक्रम द्यायचा आणि तो कोणी ठरवायचा, हा प्रश्न त्यातून ठळक झाला.

निवडीचे निकष

प्रणालीचा गाभा, कळफलक, छपाई, फॉन्ट यांसारख्या सर्वत्र लागणाऱ्या गोष्टी वितरणाच्या भांडारातून घेणे सामान्यतः हिताचे मानले जाते. वारंवार बदलणारी किंवा भांडारात नसलेली ॲपे फ्लॅटपॅक किंवा स्नॅपच्या रूपाने घेता येतात. एखादी आवृत्ती तात्पुरती पारखायची किंवा वर्गासाठी राखून ठेवायची असल्यास ॲपइमेज सोयीची असते; तिच्या अपडेटची आठवण मात्र वापरकर्त्यालाच ठेवावी लागते.

पॅकेज बसवण्यापूर्वी ते मूळ निर्मात्याचे आहे की अन्य कोणी बांधलेले, त्याचे शेवटचे अपडेट कधी झाले, त्याचा रनटाइम मुदतीत आहे का आणि ते कोणत्या परवानग्या मागते, या चार गोष्टी पाहता येतात. फ्लॅटपॅक ॲपांच्या परवानग्या ‘फ्लॅटसील’ या साधनाने बदलता येतात. मराठी वापरकर्त्याला याखेरीज एक साधी चाचणी करता येते: ॲप उघडून नेहमीच्या पद्धतीने ‘त्र्यंबकेश्वराच्या वाऱ्यावर’ असे दोन शब्द लिहून पाहावेत. टंकलेखन, जोडाक्षर, अर्धा ऱ आणि फॉन्ट या चारही गोष्टींची परीक्षा त्यात एकदम होते. हीच चाचणी त्याच ॲपच्या वितरणातील पॅकेजवर केल्यास दोन्हींची तुलनाही करता येते.